आवक-जावक

पत्र निघालं त्या दुपारी
मी तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटच्या मागे
नाल्याच्या कडेला उकिडवा बसलो होतो,
चिमट्यानं सुया उचलून डब्यात टाकत.
संजीवनी मॅडमनी फोनवर वाचून दाखवलं :
उपरोक्त विषयास अनुसरून
आपणांस कळविण्यात येते की
म्हटलं, मॅडम, मराठीत सांगा.
त्या म्हणाल्या, मिळाली परवानगी.

चौदा महिने.
तेवढ्यात आमच्यातले तिघे गेले,
एक घरी गेला, म्हणजे खरंच घरी, परभणीला.
मधे एका बैठकीत सोसायटीचे सेक्रेटरी
खुर्ची मागे सारून उभे राहिले.
म्हणाले, आमच्या वॉर्डात या गर्दुल्ल्यांसाठी
सुईच्या अग्राएवढीही जागा मिळणार नाही.
टाळ्या पडल्या.
आम्हांला तेवढीच हवी होती.

आता पत्र लॅमिनेट करून छातीच्या खिशात ठेवतो.
हवालदार धोत्रे टॉर्च मारतात,
गोल शिक्क्यावर बोट फिरवतात.
म्हणजे आता सरकारच सुया वाटणार?
वाटत नाही साहेब, बदलतो.
जुनी द्या, नवी घ्या.
बोहारीण नाही का येत, तसं.
ते हसतात. टॉर्च विझवतात.
मग अंधारातच विचारतात,
यानं कावीळ होते म्हणतात, ती कुठली रे?
भाचा आहे माझा. कळव्याला.
मी कार्ड देतो. ते इकडेतिकडे बघून
टोपीच्या आत सरकवतात.

मीही होतो त्या यादीत, पलीकडच्या बाजूनं.
क्रमांक एकोणीस.
तेव्हा एक सुई चौघांत फिरायची,
बोथट झाली की काड्यापेटीच्या कडेवर
घासून धार लावायची.
मनोहर घासायचा. हात स्थिर होता त्याचा,
पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा.
चौघांतला मी आहे.

रजिस्टरला दोन रकाने : जावक, आवक.
समोर मार्केटच्या फळ्यावरही हेच शब्द,
बटाटा, आवक इतक्या गाड्या.
झुल्फी वीस घेऊन गेला
आणि तेहेतीस घेऊन आला,
पाण्याच्या बाटलीत, बूच घट्ट लावून.
बाकीच्या कुठून रे?
ट्रक टर्मिनलच्या मैदानातून, म्हणाला,
ड्रायव्हरांची पोरं अनवाणी असतात तिथं.
नाक ओढलं, नव्या वीस मोजून घेतल्या
आणि गेला टोचायला.

मार्चमध्ये तपासणीला आलेल्या साहेबांनी
त्या ओळीला लाल गोल केला.
जावकेपेक्षा आवक जास्त कशी?
लेखी खुलासा सादर करावा.
तीनदा लिहायला बसलो.
शेवटी लिहिलं, मोजताना चूक झाली.
मॅडमनी तो कागद फाडला
आणि बाटलीची गोष्ट स्वतःच्या अक्षरात लिहिली,
दीड पान.
उत्तर आलेलं नाही.

जालिंदरच्या नावापुढे मात्र अजून अकरा येणे.
हमाल होता, मानेवर पोत्याचा घट्टा.
दर बुधवारी यायचा, नव्या नळीचं कागदी पाकीट
फाडायच्या आधी कानाशी धरून चुरगाळायचा,
म्हणायचा, नवंकोरं आहे, ऐक.
फळबाजाराच्या शेडखाली सापडला तेव्हा
पेट्यांमधला पेंढा अंगावर ओढून झोपल्यासारखा.
रकान्यातून त्याचं नाव कमी करा, असं वरून सांगितलंय.
करणार आहे.

तोवर नाल्याकडे जाताना
पायाखाली बघत चालतो.
परवा शेडच्या गटारात एक मिळाली, गंजलेली.
त्याची की दुसऱ्या कुणाची,
सुईवर नाव नसतं.
चिमट्यानं उचलली, डब्यात टाकली,
रजिस्टर गुडघ्यावर उघडलं,
अकरा खोडून
दहा लिहिलं.